मावशीचं वजन

चौकशीला आलेल्या अमेरिकन मेजरसाहेबांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि विचारलं, विमान पडलं कशामुळे?

अल्बिनाबाईंनी प्रश्न गावाच्या भाषेत सांगितला. त्या शाळेतल्या बाई, आणि अख्ख्या गावात इंग्रजी येणाऱ्या त्या एकट्याच. प्रश्न ऐकून सगळ्या गावाने माना वर केल्या आणि आभाळ न्याहाळायला सुरुवात केली. उत्तर तिकडेच कुठेतरी लोंबत असावं तसं.

विमान समोरच्या मक्यात पडलं होतं. पोट टेकलेलं, एक पंख वाकडा, भरपेट जेवून लवंडलेल्या बाईसारखं. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं मावशी. या महायुद्धात मावशीने आफ्रिकेत पेट्रोलची पिंपं वाहिली होती. सिसिलीवर छत्रीवाले सैनिक सोडले होते. तिच्या अंगावर गोळ्यांच्या भोकांवर मारलेली एकेचाळीस ठिगळं होती, पोरींनी दोनदा मोजलेली. गेले चार महिने ती कोल्पा नदीकाठच्या या कुरणात उतरत होती. येताना बूट आणि बंदुका आणायची. जाताना शत्रूपासून रानात लपवलेल्या इस्पितळातले जखमी सैनिक समुद्रापलीकडे, इटलीला न्यायची. गावातल्या टोंचका नावाच्या पोरीचा भाऊ तिच्यातूनच गेला होता. पाय वाचला, असं त्याचं पत्रही आलं होतं.

परवा सकाळी मावशी चोवीस जखमींना घेऊन धावली, हातभर वर उचलली गेली आणि परत खाली बसली. चाकं कुरणातच राहिली, मावशी मक्यात पोचली. मेलं कुणी नाही. उजवा हात आधीच मोडलेल्या एका जखमीचा डावाही मोडला. तो म्हणाला, बरं झालं, तोल सावरला. पायलट प्रुइटचं नाक फुटलं. पायलट म्हणजे तरी कोण, बावीस वर्षांचा पोरगा.

मावशी का पडली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दारातून निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही इथली रीत. त्यातून माणूस जखमी आणि मुलूख परका. मग प्रत्येक घराने गुपचूप थोडंसं दिलं. शहाजिरं पेरलेले दोन-चार रोट, धुरावर वाळवलेलं डुकराचं मांस, मधाची बरणी. सगळं स्ट्रेचरवरच्या कांबळ्याखाली. प्रत्येक घराला वाटलं, आपल्या एकट्याचंच तर आहे, तेवढ्याने काय होतंय! घरं होती सत्तर. तीन घरांचं तर टोंचकानेच पोचवलं होतं, धावत, दोन खेपांत.

मावशी आपटली तेव्हा दारातून रोट घरंगळत मक्यात पळाले. गावाने आधी जखमी उचलले, मग रोट. पुढे दोन दिवस सगळं गाव पुरावा खात होतं.

प्रुइटने हे सगळं नाकाला फडकं लावून पाहिलं होतं. पण आता तो मेजरसाहेबांसमोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, चूक माझी, मी विमान घाईने उचललं.

मेजरसाहेब लिहू लागले. अल्बिनाबाईंनी मागे वळून हळूच सांगितलं, की हे एकदा कागदावर गेलं की या पोराला जन्मात कुणी विमानाला हात लावू देणार नाही.

गावाचे चेहरे पडले. मार्टिनकाका गावचे प्रमुख. ते पुटपुटले, गप्प बसा, असल्या येड्यांच्या गावात परत विमान कोण पाठवेल, रानात अजून तीस जखमी पडलेत. मागून एक काकू म्हणाली, तुम्ही तर गप्पच बसा, डुकराचं अख्खं तंगडं तुमच्याच घरचं होतं. काका म्हणाले, अख्खं नव्हे, अर्धं. मग बरणी कुणाची केवढी होती यावर कुजबुज पेटली. मेजरसाहेब शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसले.

टोंचकाला हे सहन होईना. प्रुइट मुकाट उभा, आणि इथे तंगड्याचा हिशोब चाललेला. ती बायकांमधून वाट काढत थेट मेजरसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. पंधरा वर्षांची पोर, पण आवाज खणखणीत.

"साहेब, त्याची चूक नाही. खायचं सामान आम्ही भरलं, सत्तर घरांनी. त्याला उडू द्या, आम्हाला काय ते करा."

मार्टिनकाकांनी डोळे मिटले. अल्बिनाबाईंनी क्षणभर विचार केला. मग गोड हसून इंग्रजीत सांगितलं, मुलगी म्हणते, त्या सकाळी वारा भयंकर होता.

मेजरसाहेबांनी मान हलवली. लिहिलेलं खोडलं, खाली दोन ओळी लिहिल्या, वही मिटली. मग ते बोलले. बाईंशी नाही, टोंचकाशी. आणि इंग्रजीत नाही, तर या खोऱ्यातल्या बोलीत, हेल काढून.

"पायलटची चूक नाही. विमानात जखमींसोबत औषधं जास्त भरली गेली, असं लिहिलंय. दुसरं विमान शुक्रवारी येईल, हाच पोरगा घेऊन येईल. दाराशी मी तराजू घेऊन उभा राहणार. आणि मार्टिनकाका, अर्धं तंगडंसुद्धा चालायचं नाही."

सगळं गाव मार्टिनकाकांकडे बघू लागलं. अल्बिनाबाई कानापर्यंत लाल झाल्या होत्या. शेवटी काकांनीच चाचरत विचारलं, की साहेब, ही भाषा तुम्हाला कशी काय येते?

"माझी आई त्या टेकडीपलीकडची," मेजरसाहेब म्हणाले. "अमेरिकेहून लढाईला निघालो, तेव्हा माझी पिशवी तिनेच भरली. जहाज मोठं होतं, म्हणून तरलं."