चव तेवढी घ्यायची

तळ्याकाठचं ते शहर दाखवायला लेकाने आईला मोठ्या हौसेने आणलं होतं. पण आजूबाजूला नुसते द्राक्षांचे मळे आणि दारूचे कारखाने आहेत हे कळल्यापासून आईचं तोंड जे वाकडं झालं ते झालंच. नावेत बसली तीही मळ्यांकडे पाठ फिरवून. दुपारी लेकाने हातापाया पडून तिला एका कारखान्यात नेलं, तेव्हा तिने नाकाला रुमाल लावला.

तिथला माणूस पाहुण्यांना समजावत होता, "एक घोट घ्या, जिभेवर घोळवा आणि या बादलीत थुंका."

सगळे रांगेने थुंकले. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय चाललंय हे? तोंडात घेतलेली थुंकतात?"

"आई, हळू बोल गं," लेक ओशाळला. "हीच रीत आहे इथली. चव तेवढी घ्यायची, पोटात नाही जाऊ द्यायची."

"आणि जमतं हे माणसाला?"

"अगदी सहज जमतं, आजी," कारखान्याचा माणूस हसत म्हणाला.

आईने रुमाल त्या बादलीत भिरकावला. "सहज जमतं? मग याच्या बापाला जीव जाईस्तोवर एकदाही कसं जमलं नाही?"