घरागणिक वाटा
बंगळुरूच्या येलहंका भागातल्या त्या इमारतीत आठ घरांना मिळून एकच इंटरनेट होतं आणि त्याच्या वेगाचे वाटे करून देण्याचं काम सोसायटीने हयवदनरावांकडे दिलं होतं. तळमजल्यावरच्या अहल्याअक्कांचा गाण्याचा ऑनलाइन वर्ग रोज मध्येच तुटायचा. शिष्या गळू लागल्या होत्या. आठवडाभर तपासल्यावर रावांना स्वतःचीच चूक सापडली. वाटे घरागणिक न करता यंत्रागणिक केले होते: अक्कांच्या एका फोनला एक, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरातल्या एकोणीस यंत्रांना एकोणीस. त्यांनी नियम बदलला. तासाभरात सेक्रेटरी दारात उभे. “अण्णा, माझे टीव्ही अडकतायत! काहीतरी चुकलंय तुमचं.” “चुकलं होतं. आज दुरुस्त केलं.” “स्वल्प ॲडजस्ट करा की!” “अक्कांनी दोन वर्षं केलं.” रावांनी हात पाठीमागे बांधले. “मग मीटिंग बोलवून तुम्हाला या कामावरून काढतो!” मीटिंगमध्ये कधीच तोंड न उघडलेले राव म्हणाले, “बोलवा. मी बोलणार आहे.”