मागचा बाक

दत्तोबाने तोंडातल्या वेलदोड्याचा चावून चावून भुगा केला, तरी कुलूप उघडायला त्याचा हात धजेना.

रहाटणीतल्या एका शिकवणीवर्गाच्या या माडीवरच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची सभा भरायची. किल्ली दत्तोबाकडे असे. कित्येक वर्षं तो प्यायला नव्हता. आज दुपारी प्यायला.

चाकणला पुतण्याने नवा टेम्पो घेतला होता. चाकाखाली लिंबू ठेवून पूजा झाली आणि सगळे ढाब्यावर गेले. तिथे कुणीतरी मस्करीत त्याच्या कोल्ड्रिंकमध्ये दारू मिसळली. पहिल्या घोटालाच त्याला कळलं. तो एक घोट मस्करी करणाऱ्याचा. उरलेला पेला त्याने स्वतः संपवला.

एरवी तो तिथूनच घरी जाऊन पांघरूण घेऊन पडला असता. पण आज इकबाल येणार होता.

इकबालचं चाकणच्या रस्त्यावर ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. रिक्षाच्या मागे चिकटवलेला सभेचा नंबर त्याच्या बायकोने, कनीजने, पाहिला आणि फिरवला. तेव्हापासून दत्तोबा इकबालशी फोनवर बोलायचा. ट्रकखाली झोपल्या झोपल्या इकबाल ऐकायचा. "मी सोडली, तुला बी सुटंल," हे दत्तोबाचं ठरलेलं वाक्य. इकबाल दर वेळी येतो म्हणायचा आणि यायचा नाही. का, ते विचारलं की गाडीचं काहीतरी सांगायचा.

काल पुन्हा कनीजचा फोन आला होता. तिने मुलीचे आणि स्वतःचे कपडे भरले होते. "काका, उद्या हे तिथे येऊन बसले तर मी थांबते," ती म्हणाली. "नाहीतर सोमवारी सोलापूरला, माहेरी. मग परत नाही येणार."

दत्तोबाने कुलूप काढलं. खिडक्या उघडल्या, खुर्च्या मांडल्या.

माणसं येऊ लागली. मारुंजीहून तनुजा आली. ती हिंजवडीत नोकरीला होती आणि थर्मासभर चहा आणायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. नेहमीचे चारपाच जण बसले. सगळ्यांच्या शेवटी ऑइलने काळी झालेली नखं खिशात लपवत एक दांडगा माणूस दारात उभा राहिला.

"दत्तोबाकाका तुम्हीच का? फोनवर उंच वाटायचे."

"फोनवर समदीच उंच असत्यात, इकबालभाई. या, बसा."

इकबाल दाराजवळच्या खुर्चीवर नुसता टेकला. उठायला सोपं जाईल असा.

आज सभा चालवायची पाळी दत्तोबाची होती. सभेचा एक नियम होता. ज्याने त्या दिवशी घेतली असेल त्याने मागच्या बाकावर बसायचं आणि फक्त ऐकायचं. त्याला कुणी हाकलत नसे. कुणी कुणाचं तोंडही हुंगत नसे. ज्याचं त्याने उठून मागे जायचं.

दत्तोबाने इकबालकडे पाहिलं. हा माणूस आपल्या भरवशावर आलाय. आपणच मागे गेलो तर हा कशाला थांबेल? तासाभराचा तर प्रश्न आहे. आज निभावून नेऊ, कनीजची उद्याची गाडी चुकू दे, पुढच्या रविवारी खरं सांगू. हिशेब चोख होता. त्यात चूक सापडत नव्हती. फक्त असाच चोख हिशेब तो पूर्वी रोज करायचा, हे त्याला आठवलं.

तो उभा राहिला. "मी दत्तोबा," त्याने सुरुवात केली. पुढे एरवी तो "आज मी प्यायलेलो न्हाई" असं म्हणायचा. त्या शब्दांपाशी येऊन तो थांबला.

"आज मी घेतलीया," तो म्हणाला. "तनुजा, तू चालव."

कुणी "अरे" म्हटलं नाही. कुणी मान वळवली नाही. तनुजा उठून त्याच्या खुर्चीवर आली. "बसा काका," एवढंच ती म्हणाली, जशी एरवी म्हणायची तशी.

दत्तोबा मागे गेला. बाक शाळकरी पोरांचा होता, त्यात त्याचे गुडघे अडकले. मान वर करण्याची त्याची हिंमत नव्हती. तेवढ्यात दाराजवळची खुर्ची करकरली.

गेला, दत्तोबाला वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले. आता कनीजला काय सांगायचं? पोरीला काय सांगायचं?

पावलं दाराबाहेर गेली नाहीत. खुर्च्यांच्या कडेने हळूहळू मागे आली आणि बाकापाशी थांबली. दत्तोबाने डोळे उघडले. इकबाल वाकून, जवळजवळ कानातच बोलला.

"दर रविवारी जिन्यापर्यंत येऊन परत जायचो, काका. घेतलेली असायची. तुमच्यासमोर कसा येणार? आजही घेतलीय. सरका जरा."