तपासणीआधीचे पाच दिवस

"विसरले असेन," शिवणकाम करणारी बाई म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली.

दवाखान्यातल्या औषधवाल्या मॅडमनी तिच्या गोळ्यांचा तक्ता स्वतःकडे ओढला. किडनी बदललेल्या प्रत्येक पेशंटला डॉक्टरांकडे जाण्याआधी मॅडमच्या या एवढ्याशा खोलीत बसावं लागे. दुसऱ्याची किडनी शरीरानं परकी म्हणून झिडकारू नये यासाठी सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक. घेतली की बरोबरची खूण, चुकली की फुली. बाईनं तक्ता कापड आखायच्या निळ्या खडूनं इमानेइतबारे भरला होता.

फुल्या पाच होत्या. पाचही शेवटच्या पाच रात्रींच्या.

"विसरणारा माणूस असा ओळीनं विसरत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "तेही नेमकं रक्त तपासायच्या तोंडावर. रक्तातलं औषध कमी झालंय. डॉक्टर आता डोस वाढवतील. गोळीनं त्रास होतो का? हात थरथरतात?"

"थरथरतात की. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते. पण म्हणून नाही."

"मग?"

बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मागच्या वर्षी खरंच विसरले होते. ॲडमिट केलं मला. भाऊ बारा तासांचा प्रवास करून आला. आठ दिवस बाहेरच्या बाकावर झोपला. 'ताई, माझा माल आहे आत, नीट सांभाळ,' म्हणायचा. त्यानंच दिलीय ना किडनी." ती क्षणभर हसली. "आता फोन करतो. बरी आहेस ना, विचारतो. बरी आहे म्हटलं की ठेवतो."

अशा वेळी काय बोलायचं ते मॅडमना तोंडपाठ होतं. आज त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"तुम्ही आजारी पडलात तर तो येईल," त्या हळूच म्हणाल्या. "धावत येईल. पण त्यानं दिलेली किडनी तेव्हा गेलेली असेल. आणि द्यायला त्याच्याकडे दुसरी नाही."

बाईचा हात आपसूक ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, भावाची किडनी बसवली होती तिथं गेला आणि तिथंच राहिला.

"गोळ्या चुकल्याचं मी डॉक्टरांना सांगते, म्हणजे डोस उगाच वाढणार नाही," मॅडम म्हणाल्या. "भावाला मात्र तुम्ही सांगायचं. आत्ता, इथूनच."

"तो कामावर असेल. काय सांगू त्याला?"

"मला सांगितलंत तेच."

फोन लागला. पलीकडून यंत्रांचा खडखडाट आला आणि त्यावर ओरडून बोलणारा आवाज, मॅडमनाही ऐकू जाईल असा. "ताई? या वेळी फोन? दवाखान्यात आहेस का? बरी आहेस ना?"



"बरी आहे रे," ती म्हणाली. "मी बरी असले, तर तू येणारच नाहीस का?"

 पलीकडे खडखडाट तेवढा चालू होता. मग तो कमी होऊ लागला, लांब गेला, एक दार लागल्याचा आवाज आला. भाऊ चालत चालत कुठल्या तरी शांत जागी येत होता. बाई दोन्ही हातांनी फोन कानाशी घट्ट धरून त्याची पावलं ऐकत राहिली.