देखणी ओळ

मधल्या ओळीतलं कणीस ताईने सोलून पाहिलं आणि "अरे देवा!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. कणीस वितीच्या आत. दुसरं सोललं, तिसरं सोललं, तेच रडगाणं. डावीकडे तिची स्वतःची मक्याची ओळ, उजवीकडे धाकट्या भावाची, आणि मध्ये त्या दोघींच्या संकरातून झालेली लेकरं. इतकी वर्षं ही लेकरं आईबापांच्या डोक्यावरून वर जायची. कणीस हातात मावायचं नाही. यंदा तिन्ही ओळी एका उंचीच्या, कात्रीने कापल्यासारख्या.

संचालक एवढ्यात येणार होते. हा संकरित वाण पुढे चालवायचा, की वाणही बंद आणि भावाचा विभागही बंद, हे आज ते ठरवणार होते.

भाऊ बांधावरून येता येताच म्हणाला, "ताई, माझी ओळ पाहिलीस?"

पाहिली होती. त्याची ओळ म्हणजे संशोधन केंद्रात चेष्टेचा विषय. कमरेएवढी, वाकडी, पानांवर पिवळे पट्टे. पाहुणे आले की त्यांना पलीकडच्या वाटेने न्यायचे. पण तिच्या पोटात काय होतं कोण जाणे, ताईच्या ओळीशी संकर केला की शेत नुसतं उधाणून यायचं. तीच ओळ आज सरळसोट, हिरवीगार उभी होती.

ताईने तिचं एक पान उलटून पाहिलं. मधली शीर जांभळी. ही शीर ताईच्या ओळीची. दुसऱ्या कुणाची असायचं कारण नव्हतं.

"धाकट्या, खरं सांग. काय केलंस?"

"सुधारली."

"कशाने?"

"तुझ्या ओळीचे पराग घेऊन. मागच्या वाफ्यात, एकदा नाही, चार हंगाम, दर वेळी तुझेच. यंदाच्या संकरालाही हीच वापरली." स्वारी खुशीत होती. "आता आहे का काही फरक? सांग!"

"नाही ना! तेच तर बोंबलतेय मी." ताईचा आवाज चढला. "अरे, एकमेकांची सात पिढ्यांत ओळख नाही अशा दोन घराण्यांची सोयरीक होती ती. म्हणून लेकरं दणकट व्हायची. आणि तू दोन्हीकडे माझंच घराणं बसवलंस. घे, सोल हे."

त्याने कणीस सोललं आणि त्याचा चेहरा पडला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आजवर दर वर्षी नव्या लोकांना तो हाच पहिला धडा द्यायचा.

"जुनं बी ठेवलंयस ना?" ताईने विचारलं.

"नाही."

"मूठभर तरी?"

"टाकून दिलं सगळं." तो मातीकडे बघत म्हणाला. "लाज वाटायची गं. घरात, शाळेत, इथे, सगळ्यांचं एकच पालुपद. जरा ताईसारखा हो. मी काही झालो नाही. म्हटलं, निदान ओळ तरी होऊ दे."

ताईला त्याचा भयंकर राग आला होता, आणि आता रागापेक्षा कीव जास्त आली. तिने त्याच्या कॉलरवरचं कुसळ काढून टाकलं.

तेवढ्यात संचालक आलेच. गाडीतून उतरून ते तरातरा चालत शेतात शिरले, मधल्या ओळीपाशी थांबले आणि समोरच्या झाडाच्या पानावरून त्यांनी हात फिरवला.

"वा! ही तुमची ना हो? शाब्बास! झाली की नाही शेवटी अगदी ताईंच्या ओळीसारखी!"

भावाचा चेहरा त्याने आवरायच्या आतच उजळला. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून त्याने जन्म घालवला होता. ताईने मान फिरवली.

"साहेब," तो म्हणाला, "ही माझी ओळ नाही. हा आमचा संकर आहे."