नाकाला रुमाल

प्रोजेक्टसाठी एक दिवस दुसऱ्या समाजातल्या घरी काढायचा होता. भाईंदरची जैन हेमाली चौक गावात वर्गातल्या मिनलकडे, कोळ्यांच्या घरी येणार म्हणून मिनलच्या आईने सुकत घातलेले बोंबील जावेकडे हलवले, ओटा पुन्हा पुन्हा घासला आणि घरभर अगरबत्त्या लावल्या.

हेमालीने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि लगेच रुमाल नाकाला लावला.

मिनलने मान खाली घातली.

"किती बी धुवा, वास जात न्हाय गो," आई म्हणाली.

हेमालीला खोकल्याची उबळ आली. डोळे पुसत ती म्हणाली,

"मच्छीची सवय करून आलेय, आंटी. आठवडाभर रोज मच्छी मार्केटमधून चालत जातेय. फक्त या अगरबत्त्या विझवा ना."