शेवटचा कप्पा

कॉलेज आणि नोकरी सांभाळून चिनी शिकायची म्हणून मी एक पद्धत बसवली होती. बाबांनी कारखान्यातल्या उरलेल्या प्लायची पाच कप्प्यांची पेटी करून दिली. डोक्यात न बसणाऱ्या शब्दांची कार्डं पहिल्या कप्प्यात, ती रोज बघायची. पक्की पाठ झालेली शेवटच्या कप्प्यात, ती महिन्यातून एकदा. परीक्षा तोंडावर आली तसा तो शेवटचा कप्पा मी उघडलाच नाही.

निकालानंतर पेटी आवरताना त्यात बाबांच्या अक्षरातलं एक कार्ड सापडलं. ‘दहा तारखेला रिटायर होतोय. चार वाजता कारखान्यात छोटासा समारंभ आहे. अभ्यासातून दहा मिनिटं आलीस तरी चालेल.’

दहा तारीख उलटून महिना झाला होता. बाबा हल्ली सकाळी डबा घेऊन निघत नाहीत, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

ते स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते.

“बाबा, पहिल्या कप्प्यात का नाही ठेवलंत? तो मी रोज बघते.”

“तिथे तुला न येणारे शब्द असतात ना गं,” ते मान खाली घालूनच म्हणाले. “मला वाटलं, मी तरी तुला पाठ असेन.”